शोकाच्या पायऱ्या : कठीण काळात यहुदी परंपरेकडून आधार कसा घ्यावा

दुःखात असलेल्या माणसाला आपण सहसा धीर धरायला सांगतो. यहुदी शोकपरंपरा त्याच्याकडून धीराची अपेक्षा ठेवत नाही. ती त्याला दिवस मोजून देते, प्रत्येक टप्प्यात त्याने काय करायचे नाही हे सांगते, आणि त्या काळात त्याची बहुतेक कामे भोवतालच्या माणसांवर सोपवते. आशा वाटलीच पाहिजे असा आग्रह तीत कुठेही नाही. मात्र टप्प्यांचा क्रम असा लावलेला आहे की माणूस हळूहळू पुन्हा लोकांत येतो. या लेखात तो क्रम समजावून सांगायचा आहे, आणि तो पाळणाऱ्या मित्राच्या घरी आपण कसे वागावे, तसेच स्वतःच्या दुःखात त्यातून काय घ्यावे, हेही सांगायचे आहे.

महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची मूळ आख्यायिका सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि किनाऱ्याला लागलेले आपल्या माणसांचे मृतदेह त्यांनी तिथेच पुरले. नवगावातली ती जागा समाज आजही पवित्र मानतो. ग्रंथ, पोथ्या, सारे समुद्रात गेले आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना तेवढी पाठ राहिली, असेही ही कथा सांगते. सर्वस्व गमावल्यावर पहिले काम मृतांना माती देण्याचे आणि दुसरे उरलेल्यांनी एकत्र राहण्याचे, हा क्रम पुढे सांगितलेल्या सर्व नियमांतही दिसतो.

दफनापर्यंत : सांत्वन थांबवावे

मृत्यूची बातमी कळताच यहुदी माणूस परमेश्वराला ‘सत्य न्यायाधीश’ म्हणून वंदन करणारे एक छोटे वाक्य उच्चारतो. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संहितेची आज्ञा आहे की चांगल्या बातमीसाठी जसे आशीर्वचन म्हणायचे तसेच वाईट बातमीसाठीही म्हणायचे. या वाक्याचा अर्थ त्या क्षणी मनाला पटलाच पाहिजे असे नाही. बोलण्यासारखे काहीच सुचत नसताना तोंडात एक ठरलेले वाक्य असणे हाही आधार असतो.

मृत्यूपासून दफनापर्यंतच्या काळाला अनिनुत म्हणतात. या काळात जवळच्या नातलगांना नित्याच्या प्रार्थनेतूनही सूट असते, कारण त्यांचे एकच कर्तव्य उरते आणि ते म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था. ‘पिर्के आवोत’ या मिश्नाच्या भागात रब्बी (धर्मगुरू) शिमोन बेन एलाझार यांचे वचन आहे की ज्याचा मृत अजून त्याच्यासमोर आहे त्याचे सांत्वन करू नये. तुम्ही अशा वेळी कोणाच्या घरी असाल तर तत्त्वज्ञान बाजूला ठेवावे आणि कामे वाटून घ्यावीत : दाखला कोण आणणार, नातलगांना कोण कळवणार, लहान मुलांना कोण सांभाळणार. दुःख तुमच्याच घरी असेल तर या काळात कोणी समजूत घालू लागल्यास त्याला एखादे काम सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

दफनाआधी वस्त्र फाडण्याचा विधी असतो, त्याला केरिया म्हणतात. आई किंवा वडील गेले असतील तर डाव्या बाजूला, काळजावर, वस्त्र फाडतात. इतर नातलगांसाठी उजव्या बाजूला. इतरांसाठी फाडलेले वस्त्र सात दिवसांनंतर कच्च्या टाक्यांनी जोडता येते आणि तीस दिवसांनंतर नीट शिवता येते. आईवडिलांसाठी फाडलेले वस्त्र तीस दिवसांनंतर कच्चे जोडता येते, पण पुन्हा पहिल्यासारखे कधीच शिवायचे नसते. मला या नियमात मोठी समज दिसते. काही फाटलेले जोडून वापरता येते आणि तरी ते फाटलेले होते हे दिसत राहते, ही गोष्ट त्यात लपवलेली नाही.

अंत्यविधीत समता कटाक्षाने पाळली जाते. हेव्रा कादिशा या नावाने ओळखली जाणारी स्वयंसेवकांची मंडळी मृताला स्नान घालतात आणि खिसे नसलेले साधे पांढरे कापड नेसवतात; हातून काही अनादर झाला असल्यास मृताची क्षमाही मागतात. या सेवेला ‘सत्य दया’ म्हटले जाते, कारण जिची परतफेड होण्याची शक्यताच नाही अशी ही सेवा आहे. मिश्नावरच्या चर्चांचा मोठा संग्रह असलेले तालमूद सांगते की एके काळी अंत्यविधीचा खर्च मृत्यूपेक्षाही जड झाला होता, इतका की नातलग प्रेत टाकून पळून जात. तेव्हा रब्बान गमालिएल या धर्मगुरूंनी स्वतःसाठी साधे तागाचे वस्त्र पुरेसे मानले आणि लोकांनी तीच रीत उचलली. शोकाच्या घरी श्रीमंत लोक सोन्याचांदीच्या परड्यांतून आणि गरीब वेताच्या परड्यांतून अन्न नेत. गरिबांना लाज वाटू नये म्हणून सर्वांनीच वेताच्या परड्या वापराव्यात असे ठरले. खर्चाच्या ओझ्याखाली दुःख दडपले जाते हे ज्याने पाहिले आहे त्याला हा नियम किती दयाळू आहे हे समजावून सांगावे लागणार नाही. दुःखाच्या प्रसंगी कुटुंबातल्या कोणी साधेपणाचा प्रस्ताव मांडला तर त्याला उघड पाठिंबा द्यावा, कारण अशा वेळी एकट्याने काटकसरीचे नाव काढणे फार अवघड असते.

माती देताना उपस्थित लोक स्वतःच्या हातांनी ती लोटतात. दफन झाल्यावर लोक दोन रांगा करतात आणि शोकग्रस्त कुटुंब त्या रांगांमधून चालत बाहेर पडते. इथून पुढे सारे लक्ष मृताकडून जिवंतांकडे वळते आणि सांत्वन सुरू होते.

सात दिवस

दफनानंतरच्या सात दिवसांना शिव्हा म्हणतात. वडील, आई, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि पती किंवा पत्नी, या सात नात्यांसाठी तो पाळला जातो. शोकग्रस्त घरीच राहतात, जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसतात, कामधंदा करत नाहीत, दाढी करत नाहीत, चामड्याची पादत्राणे घालत नाहीत. बऱ्याच घरांत आरसे झाकले जातात आणि एक दिवा सातही दिवस तेवत ठेवला जातो.

मराठी वाचकाला इथे सुतकाची आठवण होणे साहजिक आहे, परंतु दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. सुतकात अशौचाची कल्पना असते आणि त्या घराशी काही व्यवहार टाळले जातात, तर शिव्हाच्या घरी जाणे हे इतरांचे कर्तव्य असते. प्रार्थनेसाठी शोकग्रस्तांनी बाहेर जावे अशी अपेक्षा नसते. प्रार्थनेला लागणारे दहा जण त्यांच्या घरी येतात.

दफनाहून परतल्यावरचे पहिले जेवण शोकग्रस्ताने स्वतःच्या घरचे खायचे नसते. ते शेजाऱ्यांनी आणायचे असते. आपल्याकडेही दुःखाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारपाजारचे लोक पानावर बसवतात, त्यामुळे ही रीत लगेच ओळखीची वाटेल. या जेवणात अंडी आणि मसूर यांसारखे गोल पदार्थ असतात. तालमूदात कारण दिले आहे की मसुराला जसे तोंड नसते तसे शोकग्रस्तालाही तोंड नसते, म्हणजे त्याच्याजवळ बोलायला शब्द नसतात. जेवण दुसऱ्याने आणावे या नियमामागचा विचार मला असा वाटतो : दुःखी माणूस उपाशी राहू पाहतो आणि स्वतःसाठी शिजवण्याचे बळ त्याच्यात नसते, पण कोणी ताट समोर ठेवून शेजारी बसले की तो दोन घास खातो, आणि ते दोन घास म्हणजे जगण्याला दिलेला पहिला होकार असतो.

सात दिवसांत येणारा शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सातांत मोजला जातो, पण त्या दिवशी उघड शोक थांबतो; माणूस चांगले कपडे घालून लोकांत जातो. मोठा सण आला तर शिव्हा तिथेच संपतो. एका माणसाच्या दुःखापेक्षा समाजाचा आनंद मोठा मानणारा हा नियम प्रथमदर्शनी कठोर वाटेल. मात्र तो पाळणाऱ्यांना दुःखाच्या मध्यावरच हा अनुभव मिळतो की शोक काही तास बाजूला ठेवता येतो, आणि ठेवल्याने मृताशी प्रतारणा होत नाही. सातव्या दिवशी सकाळचा थोडाच वेळ बसायचे असते, कारण दिवसाचा अंश पूर्ण दिवस मानला जातो. मग उठायचे. अनेक ठिकाणी कुटुंबीय घराबाहेर पडून एक छोटा फेरफटका मारतात.

ही मुदत तुमच्या धर्मात नसेल तरीही तिच्यातून घेण्यासारखे बरेच आहे. पहिले काही दिवस निश्चित करावेत आणि त्या दिवसांत कोणताही मोठा निर्णय, हिशेब किंवा कपाट आवरणे हाती घेऊ नये. एका विश्वासू माणसाला दारावर आणि फोनवर नेमावे. रोज ठरावीक वेळी लोकांनी यावे असे कळवावे. शेवटच्या दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन घराबाहेर चालून यावे, बरे वाटत नसले तरी.

भेटीला जाताना

बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथात, मुले आणि संपत्ती गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणी एक शब्दही बोलले नाही. त्यावरून तालमूदाने नियम काढला की शोकग्रस्त स्वतः बोलेपर्यंत सांत्वन करणाऱ्याने बोलू नये. त्याच मित्रांनी पुढे तोंड उघडले, ईयोबाच्या दुःखाची कारणे सांगायला सुरुवात केली, आणि ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप त्यांच्यावर झाला. भेटीला जाणाऱ्याने हा भागही लक्षात ठेवावा.

म्हणून यहुदी मित्राच्या घरी शिव्हासाठी जाताना नेहमीचे अभिवादन करू नये, ‘कसे आहात’ असे विचारू नये, शांतपणे बसावे. फुले नेण्याची रीत नाही. अन्न न्यायचे असेल तर ते घर आहाराचे नियम पाळते का हे आधी दुसऱ्या कोणाला विचारून घ्यावे. फळे बहुधा चालतात. मृताविषयी बोलणे सुरू झाले तर तुम्हाला ठाऊक असलेली एखादी खरी आठवण सांगावी, विशेषतः कुटुंबाला माहीत नसलेली. ‘देवाची मर्जी’, ‘सुटले बिचारे’, ‘अजून तरुण आहेस’ ही वाक्ये कटाक्षाने टाळावीत. शोकग्रस्ताने मान हलवून आता पुरे असे सुचवले की उठावे; तालमूदाने हाही नियमच केला आहे, त्यामुळे त्यात कोणी अपमान मानत नाही. निघताना अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातले यहुदी) लोक म्हणतात की सियोन आणि जेरुसलेमसाठी शोक करणाऱ्या इतर सर्वांसोबत परमेश्वर तुमचे सांत्वन करो. सेफार्दी (मुळात स्पेन-पोर्तुगालमधल्या यहुदींच्या) परंपरेत, आणि बेने इस्राएल प्रार्थनेत तीच परंपरा पाळतात, स्वर्गातून तुमचे सांत्वन होवो अशा अर्थाचे वचन आहे. पहिल्या वचनातले ‘इतर सर्वांसोबत’ हे शब्द फार मोलाचे आहेत, कारण दुःखी माणसाला सर्वांत जास्त छळतो तो एकटेपणा.

तीस दिवस आणि वर्ष

शिव्हानंतर तिसाव्या दिवसापर्यंतचा काळ शेलोशिम म्हणून पाळतात. माणूस कामावर जातो, पण केस कापत नाही आणि समारंभांना जात नाही. आईवडिलांसाठी हे निर्बंध सौम्य रूपात बारा महिने चालतात. पती, पत्नी, भावंड किंवा अपत्य यांच्यासाठी औपचारिक शोक तिसाव्या दिवशी संपतो, आणि इथे अनेकांना धक्का बसतो. अपत्य गमावलेल्या आईला तीस दिवस? तालमूद म्हणते की तीन दिवस रडण्यासाठी, सात विलापासाठी, तीस केस आणि कपड्यांच्या निर्बंधासाठी. त्यापुढेही जो अति करतो त्याला परमेश्वर म्हणतो की तुम्ही माझ्यापेक्षा अधिक दयाळू नाही. मी या नियमाकडे असे पाहतो की तिसाव्या दिवशी बंधने संपतात, वेदना संपल्याचे कोणी म्हणत नाही. जिचे दुःख कधीच संपणार नाही तिच्यावर बाह्य निर्बंधांचे ओझे तरी आयुष्यभर राहू नये, एवढीच त्यात काळजी आहे.

परंपरेची एक उणीव मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. तीस दिवस पूर्ण होण्याआधी गेलेल्या बाळासाठी जुन्या धर्मनियमांत शिव्हा सांगितलेला नाही. बालमृत्यू सर्रास होत असलेल्या काळात तो नियम आईबापांना दिलासा देणारा असेलही, पण आज तो जखमेवर मीठ चोळतो, आणि म्हणून अलीकडे अनेक रब्बी अशा कुटुंबांसाठी प्रार्थना आणि भेटींची वाट मोकळी करून देतात. ज्या दुःखाला समाजाने नाव दिलेले नाही त्यालाही दिवस आणि माणसे मिळाली पाहिजेत. आपल्या परिचयात कोणाचा गर्भपात झाला किंवा जुना मित्र गेला, तर त्या घरीही जावे आणि डबा न्यावा.

कद्दिश : एकट्याने न म्हणता येणारी प्रार्थना

आईवडिलांसाठी अपत्ये सुमारे अकरा महिने रोज कद्दिश म्हणतात. ही मुख्यतः अरामी भाषेतली प्रार्थना आहे आणि तिच्यात मृत्यूचा किंवा मृताचा उल्लेखही नाही. परमेश्वराचे नाव या जगात मोठे होवो असे ती म्हणते आणि शेवटी शांती मागते. अकरा महिन्यांचे कारण असे की दुष्टांचा न्याय बारा महिने चालतो अशी जुनी समजूत होती, आणि पूर्ण बारा महिने प्रार्थना केल्यास आपले आईवडील त्यांत होते असे सूचित झाले असते.

कद्दिशसाठी किमान दहा जणांची उपस्थिती लागते. ऑर्थोडॉक्स परंपरेत हे दहा पुरुष असतात. रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांत स्त्रियाही मोजल्या जातात. दहांच्या अटीमुळे दुःखी माणसाला रोज घराबाहेर पडावे लागते, आणि इतर नऊ जणांना त्याच्यासाठी यावे लागते. मुंबईत बेने इस्राएलांचे ‘शाआर हारहामीम’ हे सिनेगॉग (यहुदी प्रार्थनागृह) १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. पुढे १९४८ नंतर समाजातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेल्यावर कोकणातल्या छोट्या गावांत हे दहा जण जमवणेच कठीण झाले. दुःखात सोबतीला माणसे असणे ही गृहीत धरण्याची गोष्ट नाही, हे त्या गावांतल्या सिनेगॉगांकडे पाहून कळते.

स्त्रियांच्या संदर्भात हेन्रिएटा झोल्ड यांचे उदाहरण सांगितलेच पाहिजे. ‘हदासा’ या अमेरिकेतल्या यहुदी स्त्रियांच्या संस्थेच्या त्या संस्थापक. १९१६ मध्ये त्यांची आई गेली तेव्हा कुटुंबात मुली होत्या, मुलगा नव्हता. हाइम पेरेट्झ या कुटुंबस्नेह्याने त्यांच्या वतीने कद्दिश म्हणण्याची तयारी दाखवली. झोल्ड यांनी आभार मानून नकार कळवला आणि आपण स्वतःच ते म्हणणार असे सांगितले. परंपरेवरच्या प्रेमातूनच त्यांनी तिच्यात आपली जागा मागितली होती.

जे यहुदी नाहीत त्यांनी कद्दिश पाठ करून म्हणण्याची गरज नाही. ती ज्यांची प्रार्थना आहे त्यांच्याकडेच ती राहू द्यावी. तिची घडण मात्र घेता येते. गेलेल्या माणसासाठी रोज एक छोटी कृती ठरवावी, ती शक्यतो इतरांच्या संगतीत होणारी असावी, ती दुःखाविषयी नसली तरी चालेल, आणि तिला शेवटची तारीख असावी : सकाळच्या वाचनमंडळात बसणे, एखाद्या मुलाला शिकवणे, भजनाला जाणे. महिनोन्‌महिने झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच हरपली असेल तर मात्र या कोणत्याही रीतीवर भिस्त न ठेवता डॉक्टरांची मदत घ्यावी.

वर्षश्राद्धाच्या तोडीचा दिवस यहुदी पंचांगानुसार दरवर्षी पाळतात. आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला दिवा लावतात, तो चोवीस तास तेवतो, आणि मृताच्या नावाने दानधर्म करतात. कबरीवर छोटा दगड ठेवून येतात.

संकट साऱ्यांवर आले असेल तेव्हा

इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्याची, आणि त्याआधी बाबेलच्या लोकांनी पाडलेल्या पहिल्या मंदिराची, आठवण म्हणून यहुदी पंचांगातल्या अव महिन्याच्या नवमीला उपवास करतात, जमिनीवर बसतात आणि पहिल्या विध्वंसावरचा, बायबलमधला विलापगीतांचा ग्रंथ वाचतात. कोकणातल्या बेने इस्राएलांनी या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ असे आपले नाव दिले, वालाच्या बिरड्यावरून. विलापगीतांच्या पाच अध्यायांपैकी पहिल्या चार अध्यायांतली कडवी हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेली आहेत. नगर जळाले, माणसे मेली, आणि कवी ‘अलेफ’पासून एकेक अक्षर घेत ते लिहीत जातो. ग्रंथाची शेवटची ओळ निराशेची आहे, म्हणून वाचन तिथे थांबवत नाहीत. तिच्या आधीची, आम्हाला तुझ्याकडे परत फिरव आणि आमचे दिवस पूर्वीसारखे नवे कर असे मागणारी ओळ पुन्हा म्हणतात. निराशेची ओळ कोणी गाळलेली नाही, फक्त तिला शेवटचा शब्द दिलेला नाही. त्यानंतरचे सात आठवडे यशयाच्या ग्रंथातले सांत्वनाचे उतारे वाचले जातात.

महापूर, साथ, दंगल अशा काळात मनातले काहीच शब्दांत मांडता येत नसेल तर ही रीत करून पाहावी. ‘अ’पासून एकेक अक्षर घेऊन रोज एक ओळ लिहावी. अक्षर पुढची ओळ मागते, त्यामुळे सुरुवात कुठून करावी हा प्रश्न उरत नाही.

मंदिर पडल्यावर काही लोकांनी मांस आणि द्राक्षारस सोडला, कारण ज्या वेदीवर ते अर्पण होत असे ती वेदीच राहिली नव्हती. रब्बी यहोशुआ त्यांना भेटले आणि म्हणाले की मग भाकरीही सोडा, कारण धान्याचे अर्पणही थांबले. फळेही सोडा, पाणीही सोडा, कारण त्यांचीही अर्पणे थांबली. लोक गप्प झाले. मग त्यांनी सांगितले की अजिबात शोक न करणे शक्य नाही आणि अति शोक करणेही शक्य नाही. तेव्हा घराला गिलावा करा आणि एक छोटा भाग तसाच सोडा. तो भाग हातभर लांबरुंद, दारासमोर दिसेल असा असावा, असे तालमूद सांगते. मेजवानी करा, पण एखादा पदार्थ कमी ठेवा.

मोठ्या संकटानंतर घर पुन्हा उभारताना, किंवा मृत्यूनंतरच्या पहिल्या सणाला, याच मापाने ठरवावे. दिवाळी पूर्ण रद्द करू नये. कंदील लावावा, मुलांना फराळ द्यावा, आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ त्या वर्षी करू नये. घरात लग्न ठरलेले असेल तर ते कोणत्या दिवशी होणार याचा विचार करताना तालमूदातला आणखी एक नियम हाताशी ठेवावा : रस्त्यात वरात आणि अंत्ययात्रा समोरासमोर आल्या तर अंत्ययात्रेने बाजूला व्हावे आणि वरातीला वाट द्यावी.